शहापूरच्या माडीवरचा पडदा आणि खोकाभर केबली

बेळगावच्या शहापुरातील आमच्या घराच्या माडीवर प्रोजेक्टर बसवायचे ठरले, तेव्हा प्रोजेक्टर कोणता घ्यावा यावर घरात दोन दिवस चर्चा झाली आणि केबल कोणती घ्यावी यावर जवळजवळ दोन महिने गेले. पडदा शंभर इंची, ॲम्प्लिफायर आणि बाकीची यंत्रे भिंतीतल्या कपाटात, प्रोजेक्टर मागच्या तुळईला टांगलेला, आणि या दोहोंमधले अंतर पाइपाच्या वळणांसकट बारा मीटर, अशी मांडणी होती. गणपत गल्ली, खडे बाजार आणि किर्लोस्कर रोडवरची दुकाने पालथी घातल्यावर एकाच कामासाठी अडीचशे रुपयांपासून आठ हजार रुपयांपर्यंतच्या केबली पुढ्यात आल्या, आणि प्रत्येक दुकानदाराने आपल्या केबलीने चित्र कसे उजळते ते तितक्याच ठामपणे सांगितले. शेवटी माळ्यावरचा जुन्या तारांचा खोका खाली उतरवला, काही केबली विकत आणल्या, काही मित्रांकडून मागून आणल्या, आणि तेच चित्र निरनिराळ्या केबलींतून पाहण्याचा उद्योग केला. त्यातून जे दिसले ते पुढे लिहितो आहे.

जुन्या केबलींची परीक्षा तळमजल्यावरच्या ३२ इंची फुल एचडी टीव्हीवर घेतली. आमचा जुना डीव्हीडी प्लेअर या कामी फार उपयोगी पडला, कारण त्याच्या पाठीमागे पिवळी पिन, एस-व्हिडिओचे गोल भोक, हिरव्या-निळ्या-लाल कॉम्पोनंट पिना आणि एचडीएमआय अशी चारही तोंडे आहेत आणि टीव्हीवरही ती चारही आहेत. तबकडी निवडली ती घरातल्या एका लग्नाची. ते चित्रीकरण डिजिटल टेपवर झाले होते, त्यामुळे मूळ चित्र स्वच्छ आहे; शिवाय त्यात पंक्तीला बसलेल्या बायकांच्या अंगावर बारीक चौकड्यांच्या इरकली साड्या आहेत. बारीक चौकडा ही पिवळ्या पिनेची खरी कसोटी असते.

पिवळी पिन, म्हणजे कॉम्पोझिट, या एकाच तारेतून चित्राचा उजेड-अंधार आणि रंग असे दोन्ही एकत्र कालवून पाठवले जातात. आपल्याकडे १९८२ साली दूरदर्शनवर रंग आला तो पॅल पद्धतीने, आणि पॅलमध्ये रंगाची माहिती सुमारे ४.४३ मेगाहर्ट्झच्या वाहक लहरीवर चढवून उजेडाच्या माहितीतच मिसळलेली असते. टीव्हीला ती पुन्हा वेगळी करावी लागते आणि हे काम कधीच पूर्णपणे साधत नाही. चित्रातला बारीक तपशील नेमका त्याच पट्ट्यात येऊन पडला, की टीव्ही त्याला रंग समजतो. इरकली साडीच्या त्या चौकड्यावर, जिथे प्रत्यक्षात गडद निळा आणि पांढरा दोरा एवढेच आहे, तिथे पिवळ्या पिनेतून हिरव्या-जांभळ्या रंगांची झिलई सरकताना दिसली. बाई हलली की झिलईही हलते. लाल काठाच्या कडेला ठिपक्यांची माळ सरपटत असल्यासारखी दिसते, तोही याच मिसळणीचा परिणाम. चांगल्या कंपनीची जाड पिवळी केबल लावली तरी ही झिलई तसूभरही कमी झाली नाही, कारण दोष तारेत नसून एकाच तारेत दोन गोष्टी कोंबण्याच्या पद्धतीत आहे. उलट अगदी बारीक, सैल पिनेच्या तारेने चित्र थोडे मऊ झाले आणि त्यात मुंग्या आल्या, एवढा फरक मात्र स्वस्त आणि बऱ्या तारेत दिसला.

एस-व्हिडिओची केबल लावताच साडीवरची झिलई नाहीशी झाली. या चार टाचण्यांच्या गोल पिनेत उजेड एका तारेतून आणि रंग दुसऱ्या तारेतून जातो, त्यामुळे टीव्हीला काहीच निवडत बसावे लागत नाही. माझ्या मते या साऱ्या परीक्षेतली सर्वांत मोठी उडी हीच होती, आणि गंमत अशी की आपल्याकडे या केबलीला कोणी विचारले नाही. त्या टाचण्या इतक्या नाजूक असतात की अंधारात, कपाटामागे हात घालून लावताना एखादी वाकतेच; माझ्याजवळच्या दोन केबलींपैकी एक अशीच वाकून बाद झाली होती. रंगाची टाचणी वाकली की चित्र काळे-पांढरे होते आणि माणूस टीव्हीला दोष देत बसतो.

कॉम्पोनंटमध्ये उजेडासाठी हिरवी पिन आणि रंगफरकाच्या दोन तारांसाठी निळी व लाल पिन असते. डीव्हीडीवर चित्र मुळात याच तीन भागांत विभागून साठवलेले असल्यामुळे ते जवळजवळ न मोडता बाहेर येते. प्लेअर साध्या, एकाआड एक रेषा पाठवण्याच्या रीतीवर असताना एस-व्हिडिओ आणि कॉम्पोनंट यांच्यातला फरक मला लाल रंगाच्या कडांपुरताच दिसला: कुंकवाचा मळवट एस-व्हिडिओत किंचित पसरल्यासारखा वाटतो आणि कॉम्पोनंटमध्ये जागच्या जागी राहतो. प्रोग्रेसिव्ह, म्हणजे सगळ्या ५७६ रेषा एका दमात पाठवण्याची रीत सुरू केल्यावर मात्र मांडवाच्या झालरीचे आणि बांगड्यांचे थरथरणे थांबले. केबलींच्या बाबतीत एक गोष्ट सांगण्याजोगी आहे: या तिन्ही तारा ७५ ओहमच्या कोॲक्शियल, म्हणजे मधल्या तारेभोवती जाळीचे आवरण असलेल्या, असाव्या लागतात, पण अंतर दीड मीटर असेल तर घरातली साधी लाल-पांढरी-पिवळी एव्ही केबलही या कामाला जुंपता येते. मी तसे करून पाहिले आणि मला काहीही फरक दिसला नाही. पिना लावताना मात्र गोंधळ होतो, कारण कॉम्पोनंटची लाल आणि आवाजाची लाल दिसायला सारखीच. टीव्हीच्या पिवळ्या तोंडात चुकून हिरवी पिन घातली, तर चित्र अगदी रेखीव पण कृष्णधवल दिसते. एकदा कळले की हसू येते, पण आमच्या चुलत्यांनी यापायी टीव्ही दुरुस्तीला नेला होता.

कॉम्पोनंटमधून १०८० रेषांचे एचडी चित्रही जाऊ शकते, तरी तिचे दिवस संपले ते चित्राच्या दर्जामुळे नव्हे. नक्कल होण्याच्या भीतीपायी ब्लू-रेच्या परवाना-नियमांनी २०१० च्या अखेरीनंतरच्या नव्या प्लेअरांना ॲनालॉग वाटेने, म्हणजे कॉम्पोनंटसारख्या जुन्या तारांतून, फक्त साध्या दर्जाचे चित्र देण्याचे बंधन घातले आणि पुढे ती वाटच बंद केली.

त्यानंतर त्याच प्लेअरला एचडीएमआय लावली. येथे माझी अपेक्षाभंगाची पाळी होती. डीव्हीडीवरचे चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचेच असते. एचडीएमआयमधून ते १०८० वर ताणून पाठवले, तरी फरक एवढाच की ताणण्याचे काम टीव्हीऐवजी प्लेअर करतो. दहा फुटांवरून, पुतण्याला मागे उभे करून, कोणती वाट चालू आहे हे न सांगता अदलाबदल करायला लावली. पिवळी पिन घरातल्या प्रत्येकाने प्रत्येक वेळी ओळखली. कॉम्पोनंट आणि एचडीएमआय यांच्यात मात्र माझे स्वतःचे अंदाज नाणेफेकीपेक्षा बरे नव्हते. ज्यांच्याकडे जुना प्लेअर आणि चांगली कॉम्पोनंट केबल आहे, त्यांनी केवळ एचडीएमआयच्या हव्यासाने नवा डीव्हीडी प्लेअर घेण्याचे काही कारण नाही, असे माझे मत झाले.

याच परीक्षेच्या ओघात शेजारच्या घरी गेलो असता जे पाहिले, ते बेळगावच काय, खानापूर, निपाणी आणि संकेश्वरकडेही घरोघर पाहायला मिळते. टीव्ही त्रेचाळीस इंची, सेट टॉप बॉक्स एचडी, दर महिन्याला एचडी वाहिन्यांचे वेगळे पैसे, आणि बॉक्समधून टीव्हीकडे आलेली तार पिवळ्या पिनेची. बॉक्स बसवायला आलेल्या मुलाच्या पिशवीत त्या दिवशी तीच होती, ती त्याने लावली आणि तीन वर्षे कोणी मागे वळून पाहिले नाही. पिवळ्या पिनेतून ५७६ पेक्षा जास्त रेषा जाऊच शकत नाहीत. म्हणजे १०८० रेषांसाठी पैसे भरून त्यांतल्या जवळजवळ निम्म्या रेषा बॉक्समध्येच सोडून द्यायच्या, आणि वर साडीवरची झिलई फुकट घ्यायची. बॉक्सच्या पाठीमागे एचडीएमआयचे तोंड रिकामे होते. मी घरून दोनशे ऐंशी रुपयांची दीड मीटरची केबल आणून लावली आणि टीव्हीवर इनपुट बदलून दिला. क्रिकेटच्या पडद्यावरचा धावफलक एवढा लहान अक्षरांतही असतो हे त्या घरातल्या आजोबांना त्या दिवशी कळले. होम थिएटरवर खर्च करण्याच्या विचारात असलेल्या प्रत्येकाने आधी आपल्या बॉक्सच्या मागे वाकून पाहावे. तिथे पिवळी पिन दिसली, तर त्याहून स्वस्तात मिळणारी सुधारणा दुसरी नाही.

आता एचडीएमआयची स्वतःची गोष्ट. २००२ च्या डिसेंबरात सात कंपन्यांनी मिळून हे मानक आणले, त्यांत सोनी, फिलिप्स, तोशिबा आणि हिताची ही आपल्याला परिचित नावे होती. एकोणीस टाचण्यांच्या या तोंडातून चित्र आकड्यांच्या रूपात जाते. ॲनालॉग तारेत चित्र म्हणजे विजेच्या दाबाचा चढउतार असतो, त्यामुळे तारेने दाबात जो काही फेरफार केला तो चित्रात उतरतो: थोडी वाईट तार, थोडे वाईट चित्र. एचडीएमआयमध्ये पलीकडच्या टोकाला फक्त शून्य की एक एवढेच ओळखायचे असते. ते ओळखता आले, तर चित्र मुळाबरहुकूम असते. ओळखताना चूक होऊ लागली, तर पडद्यावर पांढरे किंवा रंगीत ठिपके चमकू लागतात, चूक वाढली की चित्र क्षणभर जाते आणि येते, आणि त्याहून वाढली की पडदा काळाच राहतो. मधली पायरी, म्हणजे रंग थोडे फिके, कडा थोड्या मऊ, काळा थोडा कमी काळा अशी, या तारेत संभवत नाही.

हे ठाऊक असूनही खडे बाजारातल्या एका दुकानात मी चाचरलोच. तिथल्या तरुणाने दोन मीटरची, कापडी विणीत गुंडाळलेली, जाडजूड सोनेरी पिनांची केबल काउंटरवर ठेवली, किंमत बावीसशे सांगितली आणि म्हणाला, "सर, ही घालून बघा की. काळा म्हणजे एकदम काळाभोर दिसतंय." परत करण्याच्या बोलीवर ती घरी आणली. अडीचशेच्या केबलीशेजारी ठेवून, एकच दृश्य थांबवून, केबली बदलत पाहिले, कॅमेरा तिपाईवर लावून फोटो काढून ताडले. काळा होता तेवढाच काळा राहिला. सोन्याच्या मुलाम्याबद्दल न्याय्य बोलायचे, तर तो अगदीच निरर्थक नाही: सोने गंजत नाही, आणि जुलैमध्ये जिथे वाळत घातलेला टॉवेल तीन दिवस ओलाच राहतो त्या आपल्या भागात पिनेवर गंज न चढणे ही सोय आहे. पण तसा पातळ मुलामा अडीचशेच्या केबलीलाही असतो. बावीसशेची केबल परत केली. तरुणाने कुरकुर न करता घेतली, हे त्याच्या बाजूने नोंदवतो.

काळ्या रंगाची तक्रार खरी असते, तिचे कारण मात्र बहुतेक वेळा दुसरे असते. चित्रपट आणि वाहिन्यांच्या चित्रात काळ्यासाठी १६ आणि पांढऱ्यासाठी २३५ हा आकडा वापरतात, तर संगणक ० ते २५५ वापरतो. एका यंत्राने एक रीत धरली आणि दुसऱ्याने दुसरी, की काळे राखाडी दिसू लागते किंवा अंधारातला सगळा तपशील शाईत बुडतो. टीव्हीच्या मेनूत हे एचडीएमआय ब्लॅक लेव्हल, आरजीबी रेंज अशा नावांनी असते. लॅपटॉप जोडणाऱ्या किती जणांनी या एका सेटिंगपायी महागड्या केबली घेतल्या असतील कोण जाणे. अशीच दुसरी अडचण फोर-के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांच्या, टीव्हींची: अनेक टीव्हींचे एचडीएमआय तोंड कारखान्यातून जुन्या, कमी वेगाच्या रीतीवर बसवून येते, आणि एन्हान्स्ड, डीप कलर किंवा इनपुट सिग्नल प्लस यांसारखे नाव असलेला पर्याय त्या तोंडासाठी चालू केल्याशिवाय पूर्ण रंगांचे चित्र येतच नाही. केबल बदलण्याआधी ही दोन ठिकाणे पाहावीत.

मग केबलीकेबलींत फरक कशाचा? वेगाचा आणि लांबीचा. १०८० रेषांचे, सेकंदाला साठ चौकटींचे चित्र तारेतून जाताना सेकंदाला सुमारे साडेचार गिगाबिट लागतात. फोर-केचे चोवीस चौकटींचे चित्रपट, वाढीव रंगांसह, नऊ ते अकरा गिगाबिट घेतात. फोर-के साठ चौकटींवर गेले, की आकडा अठराला भिडतो, आणि सेट टॉप बॉक्सच्या पन्नास चौकटींनाही तेवढाच वेग लागतो. या हिशेबाने प्रमाणित केबलींचे वर्ग ठरलेले आहेत: प्रीमियम हाय स्पीड म्हणजे अठरा गिगाबिटपर्यंत, अल्ट्रा हाय स्पीड म्हणजे अठ्ठेचाळीस. दुकानात मात्र "२.० वाली घेऊ की २.१ वाली?" अशी भाषा चालते. हे आकडे यंत्रांच्या मानकाचे आहेत, केबलीला असा आकडा नसतोच; केबलीच्या खोक्यावर वर्गाचे नाव आणि मोबाइलने तपासता येणारे चौकोनी चिन्ह असलेले लेबल आहे की नाही, तेवढे पाहावे. दोन-तीन मीटरपर्यंत हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. माझ्याकडची दहा वर्षांपूर्वीची, मूळ कोणत्या यंत्रासोबत आली तेही विसरलेली दोन मीटरची केबल फोर-के साठ चौकटींना आजही न चुकता चालते.

बारा मीटरला मात्र तांब्याची परीक्षा झाली. प्रथम मी पंधरा मीटरची तांब्याची, जाड, चोवीस गेजची केबल घेतली. गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड, त्यामुळे अठ्ठावीस किंवा तीस गेजच्या लांब केबली टाळाव्यात हे आधीच समजले होते. अठराशे रुपये पडले. फुल एचडी चित्र तिच्यातून निर्दोष आले. फोर-के चित्रपट चोवीस चौकटींवर लावले तेही चालले, आणि मी समाधानाने पाइपाचे तोंड बुजवून टाकले. दोन दिवसांनी लक्षात आले, की चित्रपट संपून मेनू आला की पडदा दोन सेकंद काळा होतो, आणि मेनूवरच्या निळ्या पट्टीत पांढरे ठिपके चमकतात. मेनू साठ चौकटींचा होता, चित्रपट चोवीसचा. वर सांगितलेल्या हिशेबाचे याहून स्पष्ट प्रात्यक्षिक मिळणार नाही. चित्रपटांपुरते पाहायचे तर ती केबल पुरेशी होती, पण क्रिकेटच्या दिवशी घरात काय झाले असते याची कल्पना करवत नाही.

ठिपके आणि चौकोन यांतला भेद येथेच सांगून टाकतो, कारण आपल्या पावसाळ्यात त्याची गरज पडते. जोराच्या सरीत चित्राचे मोठमोठे चौकोन होऊन ते जागच्या जागी अडकत असतील, तर दोष छतावरच्या डिशचा, तिच्या तारेच्या जोडाचा किंवा ढगांचा असतो. तिथे चित्र दाबून लहान केलेल्या रूपात येते आणि एक चूक झाली तरी आख्खा चौकोन बिघडतो. एचडीएमआयमधून जाणारे चित्र बॉक्सने आधीच उलगडलेले असते, म्हणून तिची चूक एकेका ठिपक्यापुरती दिसते. चौकोन दिसत असताना एचडीएमआय बदलून काहीही साधत नाही. डिशपाशी जाऊन जोडात पाणी शिरले आहे का ते पाहावे आणि जोडाखाली तारेचा एक वेढा लोंबता ठेवावा, म्हणजे पाणी खाली टपकते.

शेवटी ऑप्टिकल एचडीएमआय घेतली, पंधरा मीटरची, पाच हजार चारशेला. हिच्यात चित्र वाहून नेण्याचे काम काचेचे चार तंतू करतात, दोन्ही टोकांच्या पिनांत विजेचे प्रकाशात आणि प्रकाशाचे विजेत रूपांतर करणारी चिप असते, आणि तिला लागणारी वीज एचडीएमआयच्या पाच व्होल्टमधूनच मिळते. त्यामुळे ही केबल एकमार्गी आहे: एका पिनेवर सोर्स आणि दुसरीवर डिस्प्ले असे लिहिलेले असते. आमच्या इलेक्ट्रिशियन अण्णांनी एवढ्या बारीक तारेकडे पाहून प्रथम शंका घेतली, मग ती पाइपातून सुरेख ओढली, आणि सगळे झाल्यावर दिसले की सोर्सचे टोक प्रोजेक्टरपाशी गेले आहे. पुन्हा काढून, उलटी करून, पुन्हा ओढली. त्यात दुपार गेली. त्याआधी त्यांनी "मधे कट करून जोड मारतो की, काय होत नाही," असेही सुचवले होते. घरच्या वायरिंगची सवय असलेल्या माणसाला ते स्वाभाविक वाटते, पण कोणत्याही एचडीएमआय केबलीला, काचेच्या तर नाहीच नाही, असा जोड मारता येत नाही.

पाइपाबद्दलही अनुभवाचे बोल सांगतो. एचडीएमआयच्या पिनेचे धातूचे तोंडच सुमारे चौदा मिलिमीटर रुंद असते आणि भोवतालचे प्लास्टिक धरून ते आणखी वाढते. भिंतीत नेहमी घालतात तो पाऊण इंची पाइप तिला पुरत नाही, एक इंचीतून सरळ जाते पण कोपऱ्यात अडकते. नवे घर बांधणाऱ्यांनी दीड इंची पाइप घालावा, काटकोनी कोपऱ्याऐवजी लांब वळण द्यावे आणि आत एक नायलॉनची दोरी कायमची सोडून ठेवावी. काही ऑप्टिकल केबलींना पिन वेगळी करता येते आणि आतली छोटी पिन सहज सरकते. जुन्या घरात तीच घ्यावी. ओढताना पिनेला धरून ओढू नये, आणि वळणात काच मोडेल एवढी घडी पडू देऊ नये. आमच्यासारखे कौलारू घर असेल, तर उंदरांचाही विचार करावा लागतो: माळ्यावरून उघडी टाकलेली केबल ही त्यांना मेजवानी असते, आणि पाच हजारांची केबल कुरतडली गेली तर वर सांगितल्याप्रमाणे जोडही मारता येत नाही.

चित्राबद्दल सांगायचे, तर ऑप्टिकलमधून आलेले चित्र तांब्यातून निर्दोष येणाऱ्या चित्रापेक्षा किंचितही वेगळे नाही. रंग तेच, काळा तोच. फरक एवढाच की मेनू असो, सामना असो, पडदा एकदाही काळा झाला नाही. दोन उणिवा आढळल्या. प्रोजेक्टर सुरू केल्यावर चित्र येण्यास तांब्यापेक्षा एखादा सेकंद जास्त लागतो. दुसरे म्हणजे, टीव्हीचा आवाज उलट दिशेने ॲम्प्लिफायरकडे आणणारी ईएआरसीची सोय सगळ्याच ऑप्टिकल केबलींत असते असे नाही. ज्यांचे सारे खोके थेट टीव्हीला जोडलेले आहेत त्यांनी खोक्यावर ती नोंद पाहूनच घ्यावी. माझा आवाज कपाटातच सुटत असल्यामुळे मला तिची गरज पडली नाही. विजेच्या बाबतीत काच सुरक्षित असते असे एका दुकानात सांगण्यात आले, ते अर्धेच खरे आहे, कारण या केबलीत पाच व्होल्टसाठी आणि यंत्रांच्या आपसांतल्या संभाषणासाठी तांब्याच्या तारा असतातच. एप्रिल-मे महिन्यांत वळीव गडगडू लागला, की डिशची तार आणि एचडीएमआय दोन्ही काढून ठेवण्याची आमच्या घरची सवय मी मोडलेली नाही.

ही केबल बसवून आता एक पावसाळा पूर्ण झाला आहे. पंधरा मीटरची तांब्याची केबल वाया गेली नाही. ती तळमजल्यावर, बाहेरच्या खोलीतल्या संगणकापासून टीव्हीपर्यंत फुल एचडी चित्र नेते आणि त्या कामात तिच्याविरुद्ध एकही तक्रार नाही. डीव्हीडी प्लेअर कॉम्पोनंटवरच ठेवला आहे, कारण एचडीएमआयचे एक तोंड त्यामुळे मोकळे राहते.